शाबीत न झालेलं आणि न घडलेलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजच्या विषयाचं नाव जड आहे: उत्तर-आधुनिक विचार, वस्तुनिष्ठ सत्य आणि कायदा. पण आतली गोष्ट रोजच्या व्यवहारातली आहे. ‘ज्याचं त्याचं सत्य’ हे वाक्य आता घराघरात पोचलं आहे. भावाभावांत वाटणीवरून जुंपली की मधला माणूस म्हणतो, जाऊ द्या हो, ज्याचं त्याचं सत्य. कॉलेजातला मुलगा म्हणतो, सर, सत्य वगैरे काही नसतं, सगळी नॅरेटिव्ह असतात. पहिला भांडण मिटवायला बोलतो, दुसरा पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचून बोलतो. पण एक जागा अशी आहे की जिथे या दोघांनाही हे वाक्य बरोबर नेता येत नाही. ती जागा म्हणजे कोर्ट. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर वकील विचारतो, त्या रात्री तुम्ही तिथे होता की नव्हता? ‘माझ्या दृष्टीने होतो’ असं उत्तर देऊन पाहा. (हशा)

हसू येतं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण उत्तर-आधुनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारवंतांनी नेमकं कोर्टाकडेच बोट दाखवलेलं आहे. ते म्हणतात, कोर्टात सत्य सापडत नाही, ते तिथे तयार होतं. कोणाची भाषा चालते, कोणाचं बोलणं पुरावा ठरतं, कोणाचं बोलणं नुसतं रडगाणं ठरतं, हे आधीच ठरलेलं असतं आणि मग त्यातून निघतं त्याला आपण ‘सत्य’ म्हणतो. आमचं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. कोर्टाच्या दारात कोणाला अडवलं जातं, हे या मंडळींना फार चांगलं दिसलं. पण आत गेल्यावर, कागद टेबलावर आल्यावर काय होतं, तिथे त्यांनी फार लवकर हात टेकले. आणि त्याची किंमत ज्यांच्या वतीने ते बोलत होते, त्यांनाच मोजावी लागते.

फुकोपासून सुरुवात करू. १९७३ च्या मे महिन्यात त्याने रिओ दी जानेरोमध्ये पाच व्याख्यानं दिली, सत्य आणि कायद्याची रूपं या विषयावर. आमच्या मते फुको पहिल्यांदाच वाचणाऱ्याने तिथूनच सुरू करावं. मोठ्या ग्रंथांपेक्षा तिथे तो मोकळा बोलतो. त्याचा मुद्दा असा की सत्य शोधण्याच्या पद्धतीलाही इतिहास असतो. ईडिपसच्या गोष्टीपासून तो निघतो आणि मध्ययुगीन युरोपात येतो. तिथे तंटा कसा मिटायचा? परीक्षेने. म्हणजे चौकशी करून नाही, तर द्वंद्व लावून, शपथ घालून, तापलेलं लोखंड हातात देऊन. पुढे राजसत्ता आणि चर्च यांच्या कारभारातून चौकशीची पद्धत आली: साक्षीदार बोलवा, विचारा, लिहून घ्या. फुको म्हणतो, ही चौकशी म्हणजे बुद्धीची सहज प्रगती नव्हे, ती सत्ता चालवण्याची एक रीत होती.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. मराठेशाहीतले वतनाचे तंटे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ‘दिव्य’ हा शब्द माहीत असतो. पाटीलकी कोणाची, यावर दोन घराणी भांडतात. गोतसभा बसते, महजर होतो. आणि काहीच ठरेना झालं तर रवादिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी सोडून हात बघायचा. फोड आले तर खोटा. आज आपल्याला हे भयंकर वाटतं, पण त्या सभेत बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसांना तो न्यायच वाटत होता. इथपर्यंत फुको बरोबर.

पण याच ठिकाणी एक गोष्ट त्याच्या वाचकांच्या नजरेतून सुटते. याज्ञवल्क्यस्मृती पाहा. तिथे तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत खरी, पण त्यांच्या आधी काय सांगितलं आहे? लेख, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षीदार. यांतलं काहीच मिळालं नाही तर दिव्य. म्हणजे तेलात हात घालायची वेळ सगळ्यात शेवटी यायची, कागद आणि माणसं संपल्यावर. आधी कागद दाखवा, हे म्हणणं युरोपच्या राजसत्तेने आपल्याला शिकवलेलं नाही. पद्धती बदलल्या, हे कबूल. पण दोन्ही पद्धतींतून विचारलेला प्रश्न तोच होता: हे वतन खरोखर कोणाचं? प्रश्न एक आणि तो सोडवायच्या रीती वेगळ्या, हे एक म्हणणं झालं. रीत बदलली म्हणजे सत्यच बदललं, हे दुसरं म्हणणं. फुकोचं नाव घेऊन लोक सर्रास पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात.

आता कायदा स्वतः काय म्हणतो ते बघू. बऱ्याच जणांची समजूत अशी की कायदा वस्तुनिष्ठ सत्याचा दावा करतो आणि उत्तर-आधुनिकांनी तो फुगा फोडला. वस्तुस्थिती अशी नाही. १८७२ चा पुराव्याचा कायदा घ्या, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेला. त्यात ‘शाबीत’ची व्याख्या आहे. तिचा आशय असा: समोर आलेल्या सगळ्या गोष्टी पाहून कोर्टाला एखादी वस्तुस्थिती आहे असं वाटलं, किंवा ती असण्याचा संभव इतका दिसला की शहाण्या माणसाने ती आहे असं धरून वागावं, तर ती शाबीत. बघा, किती सावध माणूस आहे! ‘सत्य’ हा शब्दच नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही व्याख्या तशीच पुढे आली आहे. मग तो म्हणतो, उलट अर्थाने हेच झालं तर ‘नाशाबीत’. आणि तिसरा प्रकार: शाबीतही नाही, नाशाबीतही नाही, तर ‘शाबीत न झालेलं’.

हा तिसरा कप्पा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एखादी गोष्ट शाबीत झाली नाही म्हणजे ती घडली नाही, असं कायदा म्हणत नाही. आरोपी सुटला याचा अर्थ फिर्यादी खोटी, असाही नाही. चावडीवर आपण तसा अर्थ काढतो. दुर्दैवाने कधीकधी न्यायाधीशही काढतात.

आता ल्योतार. १९७९ चं त्याचं उत्तर-आधुनिक अवस्थेवरचं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं. महाकथनांवरचा अविश्वास वगैरे. मुळात तो क्यूबेक सरकारच्या विद्यापीठ मंडळासाठी लिहिलेला अहवाल होता, ही गंमत फार कमी जण सांगतात. पण खरं पुस्तक १९८३ चं, ‘ल दिफेराँ’. आमच्या मते कायद्याविषयी उत्तर-आधुनिकांनी लिहिलेलं सगळ्यात गंभीर लेखन हेच. ‘दिफेराँ’ म्हणजे असा तंटा की जो मिटवायला दोन्ही पक्षांना लागू होईल असा नियमच नाही. त्यात तो एक भेद करतो. नुकसान झालेला माणूस कोर्टात जाऊन ते शाबीत करू शकत असेल, तर तो फिर्यादी. पण नुकसानाबरोबर ते शाबीत करायची साधनंही हिरावली गेली असतील, तर तो बळी. कुळाची जमीन गेली, हे नुकसान. जमीन गेली आणि सातबाराही कोणी बदलून टाकला, तोंडी वहिवाट सांगणारे म्हातारे वारले आणि तलाठी म्हणतो कागद आणा, हे ल्योतारच्या अर्थाने बळी होणं. इथे त्याला दाद द्यायलाच हवी. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही हे पटेल.

पुस्तक सुरू कसं होतं? फोरिसाँ या नावाने. हा लियाँमधला साहित्याचा प्राध्यापक. १९७८ च्या डिसेंबरात ‘ल माँद’मध्ये त्याने लिहिलं की नाझींचे गॅसचेंबर ही अफवा आहे. त्याचा युक्तिवाद ल्योतार असा मांडतो: गॅसचेंबर माणसं मारत होतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा. पण ज्याने आतून पाहिलं तो मेला. जो जिवंत आहे त्याने पाहिलं नाही. म्हणून साक्षीदार नाही, म्हणून गॅसचेंबर नाही. ल्योतार फोरिसाँचा समर्थक मुळीच नाही, हे ठासून सांगायला हवं. त्याला या युक्तिवादाची चीड आहे. पण तो त्यातून निष्कर्ष काय काढतो? की इथे पुराव्याची भाषाच तोकडी पडते. भूकंपाने घरं पडली आणि भूकंप मोजायची यंत्रंही मोडली, तर तीव्रता सांगणार कशी, असा त्याचा दाखला आहे. इतिहासकाराने केवळ ज्ञानाच्या नियमांवर विसंबू नये, जे त्या नियमांत मांडताच येत नाही त्याच्याकडे, त्या शांततेकडे कान द्यावा.

उदात्त आहे. पण चूक आहे, आणि ती कुठे आहे ते नीट बघू. फोरिसाँच्या युक्तिवादात एक लपवलेलं गृहीतक आहे: डोळ्याने पाहिलेला माणूस हाच काय तो पुरावा. हे कोणत्या कोर्टाने सांगितलं? खून पाहणारा कोणी नसतानाही, परिस्थितिजन्य पुराव्यावर, जगभर रोज शिक्षा होतात. आणि तेवढंच नाही, मूळ विधानही खोटं आहे. साक्षीदार होते. आउश्वित्झमध्ये प्रेतं बाहेर काढायच्या कामाला ज्या कैद्यांना जुंपलं होतं, त्या झोंडरकमांडोतले काही जण वाचले आणि त्यांनी साक्षी दिल्या. काहींनी लिहून ठेवलेले कागद स्मशानभट्ट्यांच्या आवारात पुरले, ते युद्धानंतर सापडले. ७ ऑक्टोबर १९४४ ला त्यांनी उठाव केला. ल्योतारने या युक्तिवादाला ‘हे खोटं आहे’ इतकं सरळ उत्तर देण्याऐवजी त्यातून भाषेच्या मर्यादेचं तत्त्वज्ञान उभं केलं. चोराने ‘पाहणारा दाखवा’ म्हटलं आणि आपण चोरीच्या अवर्णनीयतेवर चिंतन करत बसलो, असा हा प्रकार.

आणि याची परीक्षा पुढे खरोखरच झाली, तीही कोर्टात. डेव्हिड आयर्विंग हा इंग्रज लेखक. दुसऱ्या महायुद्धावर त्याची बरीच पुस्तकं. अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिप्स्टाट यांनी १९९३ च्या पुस्तकात त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं. पेंग्विनने ते ब्रिटनमध्ये काढलं आणि आयर्विंगने दोघांवर बदनामीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात मेख अशी की आपलं लिहिणं खरं आहे हे शाबीत करायची जबाबदारी प्रतिवादीवर. म्हणजे ल्योतारच्या भाषेत, फोरिसाँच्या जातीचा माणूस फिर्यादी होऊन बसला आणि पुरावा दुसऱ्यांनी द्यायचा! ११ जानेवारी २००० ला लंडनमध्ये न्या. चार्ल्स ग्रे यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली, ज्यूरीशिवाय. आयर्विंगने स्वतःच स्वतःचा खटला चालवला.

लिप्स्टाट यांच्या वकिलांनी एक निर्णय घेतला, तो आज फार महत्त्वाचा. छळछावण्यांतून वाचलेल्या एकाही माणसाला त्यांनी पिंजऱ्यात उभं केलं नाही. आयर्विंगच्या उलटतपासणीत त्यांची विटंबना होऊ द्यायची नाही, हे एक कारण. आणि दुसरं, त्याची गरजच नव्हती. रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने दोन मदतनीस घेऊन आयर्विंगच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. हेच इव्हान्स तीन वर्षांपूर्वी इतिहासलेखनातल्या उत्तर-आधुनिक टोकाविरुद्ध एक पुस्तक लिहून बसले होते, हा योगायोग नव्हे तर काय म्हणावं! रॉबर्ट यान व्हान पेल्ट यांनी आउश्वित्झच्या इमारतींच्या आराखड्यांवर अहवाल दिला.

एक नमुना सांगतो, कारण सत्य तपशिलात कसं सापडतं ते त्यात दिसतं. ३० नोव्हेंबर १९४१ ला हिमलरने हिटलरच्या मुख्यालयातून हायड्रिखला फोन केला. त्याच्या टिपणात आहे: बर्लिनहून गेलेली ज्यूंची गाडी, ठार करू नये. आयर्विंगने लिहिलं की हिटलरने ज्यूंना ठार न करण्याचा सरसकट हुकूम दिला, त्याचा हा पुरावा. अहो, टिपण एका गाडीबद्दल आहे! आणि ती माणसं तर त्याच सकाळी रीगाजवळ गोळ्या घालून मारली गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या टिपणात, एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी तिथेच थांबावं, असा मजकूर आहे. त्यात ‘हाबेन’ म्हणजे साधं क्रियापद. आयर्विंगने ते ‘युडेन’, म्हणजे ज्यू, असं वाचलं. ज्यूंनी तिथेच राहावं! हस्ताक्षर वाचताना चूक कोणाचीही होते. मोडी वाचणाऱ्याला विचारा. पण इव्हान्स यांचा मुद्दा वेगळा होता. दुकानदाराचा काटा बिघडला तर कधी त्याचं नुकसान होईल, कधी आपलं. दर वेळी पन्नास ग्रॅम कमीच भरत असेल, तर काटा बिघडलेला नसतो, केलेला असतो. आयर्विंगच्या सगळ्या चुका एकाच बाजूला झुकत होत्या, हिटलरला वाचवण्याच्या.

११ एप्रिल २००० ला निकाल लागला, तीनशेहून जास्त पानांचा. न्या. ग्रे यांनी एक पथ्य पाळलं. नाझी काळात काय झालं याचा निवाडा करणं हे माझं काम नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं; समोर असलेल्या पुराव्यावरून वस्तुनिष्ठ आणि निःपक्ष इतिहासकार काय म्हणेल, एवढंच पाहायचं. लष्करी इतिहासकार म्हणून आयर्विंगचे गुणही त्यांनी नोंदवले. आणि मग म्हटलं की त्याने पुराव्याची जाणूनबुजून मोडतोड केली आहे. पाहा, इथे ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचा अर्थ आकाशातून पाहणारा असा नाही. आपल्याला नको असलेला कागदही जो लपवत नाही, तो वस्तुनिष्ठ. उत्तर-आधुनिक लेखन ज्या वस्तुनिष्ठतेवर हल्ला करतं, ती देवाची नजर आहे. कोर्टात वापरतात ती कारकुनाची सचोटी आहे. यंत्रं मोडली होती, पण भिंतींचे तडे मोजता आले.

इथवर आलं की टाळ्या वाजवून निघायचा मोह होतो. पण लंडनचं उदाहरण सोयीचं आहे. तिथे पैसा होता, वकील होते, दोन वर्षं कागद चाळायला माणसं होती. म्हणून आता आपल्या जवळ येऊ या. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हा खटला एका मुलीच्या नावाने ओळखला जातो, पण ते नाव आपण इथे घेणार नाही.

२६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी, मजुरी करणारी अनाथ मुलगी. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिची आणि इतरांची जबानी घ्यायला बोलावलं होतं. रात्री साडेदहाच्या सुमाराला सगळे निघाले आणि तिला मागे थांबवलं गेलं. ठाण्याचं दार आतून बंद, दिवे गेलेले, बाहेर नातेवाईक. एका शिपायाने बलात्कार केला आणि हवालदाराने विनयभंग, ही तिची तक्रार. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अंगावर जखमा नव्हत्या. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं: संबंध झाला हे शाबीत, बलात्कार शाबीत नाही, आणि मुलगी खोटारडी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते फिरवलं: भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. शिपायाला पाच वर्षं, हवालदाराला एक वर्ष. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. हात धरला तेव्हा तिने झटकून ओरडायला हवं होतं. म्हणजे तिची कहाणी खोटी आणि जे झालं ते शांतपणे झालं.

आता तो तिसरा कप्पा आठवा. जखमा नसल्याने जबरदस्ती शंकेपलीकडे शाबीत होत नाही, असं कोर्टाने म्हटलं असतं तर ते ‘शाबीत न झालेलं’ या कप्प्यात गेलं असतं. तेही आम्हाला पटलं नसतं, पण ती कायद्याच्या आतली चूक ठरली असती. कोर्ट तिथे थांबलं नाही. पुरावा नसणं हाच त्याने उलटा पुरावा मानला आणि ‘तिने संमती दिली’ ही एक नवी वस्तुस्थिती तयार केली, जिच्यासाठी कसलाही स्वतंत्र पुरावा नव्हता. ‘खरी बाई ओरडते’ हे गृहीतक कागदावर कुठेही नव्हतं, ते न्यायासनावर बसलेलं होतं. ल्योतार इथे असता तर म्हणाला असता, बघा, ही बळी. तिची गप्प राहण्याची भाषा तुमच्या कोर्टाला वाचताच आली नाही. आणि तो बरोबर असता! लंडनमध्ये जो आम्हाला चुकलेला दिसतो, तो देसाईगंजमध्ये बरोबर आहे.

पण मग पुढे काय झालं ते पाहा. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते मिळवून वाचाच. त्या पत्रात या चौघांनी असं म्हटलं नाही की सत्य सापेक्ष असतं, तिचं एक सत्य आणि शिपायाचं दुसरं. त्यांनी म्हटलं की कोर्टाने वस्तुस्थिती चुकीची वाचली. मुलीचं वय, तिची गरिबी, पोलीस ठाणं, रात्र, बंद दार, हे सगळं पुराव्यात होतं आणि कोर्टाने त्याचं वजन केलं नाही. संमतीत शरण जाणं असू शकतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही, हा साधा तर्क त्यांनी समोर ठेवला. सगळा जोर ‘काय घडलं’ यावर. या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली. ‘ज्याचं त्याचं सत्य’ असं म्हणून ती राहिली असती का? ते वाक्य त्या खोलीत सगळ्यात जास्त कोणाच्या उपयोगाचं होतं? शिपायाच्या. त्याचं म्हणणं हेच होतं की तिची एक कहाणी, माझी एक कहाणी.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘सत्य एकच असेल तर तीन कोर्टांचे निकाल वेगळे कसे? यावरून निकाल हे सत्तेचेच असतात हे सिद्ध होत नाही का?’ चांगला प्रश्न आहे, आणि अर्ध्यावर आम्ही तुमच्याबरोबर आहोत. तीन निकाल वेगळे आले यावरून न्यायाधीश चुकू शकतात, हे सिद्ध होतं. पण चुकणं म्हणजे काय? चुकायला काहीतरी असावं लागतं. तीन वैद्यांनी तीन रोग सांगितले म्हणून रोग्याला रोगच नाही, असं आपण म्हणत नाही. अपील ही सोयच मुळी या समजुतीवर उभी आहे की खालच्या कोर्टाच्या निकालाबाहेर काहीतरी आहे, ज्याच्याशी तो ताडून पाहता येतो. सगळं सत्तेचंच असतं तर मग १९७८ चा निकाल अन्यायाचा होता असं कशाच्या जोरावर म्हणायचं? फार तर म्हणता येईल की ती सत्ता आम्हाला आवडत नाही. त्या मुलीसाठी एवढं पुरेसं आहे का?

देरिदाला हे कळलं होतं, असं आम्हाला वाटतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमधल्या परिषदेत तो म्हणाला की कायद्याची विरचना करता येते, न्यायाची नाही. त्याच्या नावावर ‘काहीच खरं नाही’ हे वाक्य खपवणाऱ्यांनी तो निबंध वाचलेला नसतो. तरी आमची तक्रार आहेच: त्याचा न्याय इतका उंच, इतका सतत येऊ घातलेला, की जबानी लिहून घेणाऱ्या फौजदाराने नेमकं काय वेगळं करावं, हे त्यातून कळत नाही.

खुल्या पत्रातून आणि चळवळीतून मात्र कळलं. १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं. पोलीस कोठडीसारख्या काही ठरावीक परिस्थितींत, संबंध झाल्याचं शाबीत झालं आणि स्त्रीने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. उलटं काही असेल तर आरोपीने दाखवायचं. ल्योतारच्या भाषेत सांगायचं तर बळीला फिर्यादी होण्याची वाट करून दिली गेली, आणि ती वाट पुराव्याच्या नियमांच्या बाहेर नाही, आत केली गेली. पीडितेचं चारित्र्य वाईट आहे असं दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारं पोटकलम त्यानंतरही राहिलं. ते जायला २००२ चा दुरुस्ती कायदा यावा लागला. आज तेच गृहीतक नव्या साक्ष्य अधिनियमात कलम १२० म्हणून आहे. कोठडीच्या बाहेरच्या अनेक खटल्यांना ते लागू होत नाही. तिथे अजूनही जखमांचा प्रश्न विचारला जातो, वकील विचारतात, आणि काही निकालांत तो डोकावतो. आणि देसाईगंजच्या त्या दोघांची सुटका मात्र तशीच कायम राहिली.